पातळ टीव्हीतलं बोलणं कळत नाही: सेटिंगपासून स्पीकरच्या डब्यापर्यंत काय तपासायचं

"आवाज येतोय ओ, खरं (पण) बोललेलं समजंना." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही विचारणा आली तरी तक्रार जवळपास याच शब्दांत असते. टीव्ही नवा, चित्र लख्ख, आवाज तीस-पस्तीसपर्यंत चढवलेला, आणि तरी मालिकेत कोण काय म्हणालं ते आजीला नातीकडून ऐकावं लागतं. जाहिरात लागली की घर दणाणतं आणि रिमोट शोधायची धावपळ होते. दुकानदार म्हणतो सगळे टीव्ही असेच. मेकॅनिक स्पीकर बदलून देतो, चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

परत तेच होतं, कारण बहुतेक वेळा स्पीकर जळालेला नसतोच. त्याला मागे पुरेशी हवा मिळालेली नसते आणि त्याचं तोंड तुमच्याकडे नसतं. या दोन गोष्टी न बदलता स्पीकर कितीही वेळा बदला, वॅट कितीही वाढवा, बोलणं तेवढंच गढूळ राहतं. म्हणून खाली सेटिंग, जागा आणि खडखड यांचं जे सांगायचं ते सांगतोच, पण मुख्य भर स्पीकर ज्यात बसतो त्या बंद डब्यावर आहे.

आपल्या भागात या तक्रारीला आणखी एक बाजू आहे. सीमाभागातल्या घरात एकाच संध्याकाळी मराठी मालिका, कन्नड बातम्या आणि हिंदी सिनेमा असं तिन्ही चालतं. जी भाषा लहानपणापासून कानावर नाही, ती समजायला कानाला जास्त स्वच्छ आवाज लागतो. गोंगाट थोडा वाढला की आपली भाषा मेंदू संदर्भाने भरून काढतो, दुसरी भाषा मात्र आधी हातातून सुटते. त्यात वय वाढताना वरच्या पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं, आणि स, श, फ, त, च यांची ओळख बरीचशी त्याच पट्टीत, साधारण २००० ते ८००० हर्ट्झमध्ये असते. पातळ टीव्ही नेमकी तीच पट्टी जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे सोडतो. आजीला "कान तपासून घे" म्हणण्याआधी टीव्ही तपासा.

आधी एक चाचणी

मोबाइलवर स्वतःच्या आवाजात काही शब्द रेकॉर्ड करा: पाट, ताट, काठ, फाट, साठ, खाट, चार, सार, शाल, चाल. क्रम उलटसुलट ठेवा, प्रत्येक शब्दानंतर थोडी जागा सोडा. फाइल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीवर लावा आणि नेहमीच्या जागेवर बसलेल्या माणसाला ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा. मग तीच फाइल त्याच माणसाला साध्या हेडफोनवर ऐकवा. हेडफोनवर बरोबर आणि टीव्हीवर चूक, तर दोष टीव्हीचा किंवा जागेचा. दोन्हीकडे सारख्याच चुका होत असतील तर कानाच्या डॉक्टरांकडे जाणं योग्य. पुढे जे काही बदलाल त्यानंतर हीच फाइल पुन्हा लावा. "बरं वाटतंय" यावर विसंबू नका, कागदावरच्या चुका मोजा.

पैसे न खर्चता

सेट-टॉप बॉक्स किंवा अ‍ॅपमध्ये आवाज ५.१ वर (सहा वेगळ्या चॅनेलांचा आवाज) असेल तर स्टीरिओ करा. सिनेमाच्या ५.१ आवाजात संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात. ते दोन स्पीकरमध्ये वाटताना साधारण ३ डेसिबलने खाली येतात आणि त्यांच्यावर बाजूचं संगीत व धडाम-धुडुम येऊन बसतं. अ‍ॅपमध्ये वेगळा स्टीरिओ ट्रॅक मिळत असेल तर तोच निवडा. टीव्हीतला 'सराउंड' बंद करा. तो आवाज रुंद वाटावा म्हणून दोन बाजूंच्या लहरींची उलटापालट करतो आणि मधोमध असलेलं बोलणं त्यात विस्कटतं. 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' असेल तर चालू करा, जाहिरातीचा दणका कमी होतो. काही टीव्हींत 'स्टँडवर की भिंतीवर' अशी निवड असते. ती खरी परिस्थिती पाहून भरा, कारण त्यावर आतली सुधारणा बदलते.

आता जी गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो ती. बेस कमी करा, बोलणं मोठं होईल. छोट्या स्पीकरला खालचे सूर वाजवताना कोन, म्हणजे त्याचा शंकूसारखा हलणारा भाग, खूप पुढेमागे हलवावा लागतो. कोन त्या झोक्यात असताना त्यावरच स्वार असलेले बोलण्याचे सूर थरथरतात. शिवाय कोन फाटू नये म्हणून टीव्हीतला लिमिटर अशा वेळी सगळाच आवाज खाली ओढतो, बोलण्यासकट. बहुतेक टीव्हींच्या इक्वलायझरमध्ये १००, ३००, १०००, ३०००, १०००० हर्ट्झ किंवा त्याच्या आसपासचे पट्टे असतात. १०० चा पूर्ण खाली, ३०० चा थोडा खाली, ३००० चा दोन-तीन पायऱ्या वर. एवढ्याने निम्म्या घरांचं काम भागतं.

शोकेस, रुमाल आणि माग

आपल्याकडे टीव्ही शोकेसच्या खणात बसवायची पद्धत आहे. जुना डबा-टीव्ही खणात चालायचा, कारण त्याचे स्पीकर समोर होते आणि त्यांच्यामागे भरपूर पोकळी होती. पातळ टीव्ही त्याच खणात मागे ढकलला की खालून किंवा मागून निघालेला आवाज लाकडी खोक्यात घुमतो. खण ४५ सेंमी खोल असेल तर साधारण १९० हर्ट्झला तो घुमायला लागतो, म्हणजे बोलण्याच्या खालच्या भागातच. उपाय सोपा आहे: पडदा खणाच्या पुढच्या कडेशी येईल इतका टीव्ही पुढे ओढा आणि मागच्या फळीला जाड सतरंजी किंवा नमदा लावा. टीव्हीखाली मखमली कापड अंथरलं असेल किंवा धुळीसाठी प्लास्टिकचं कव्हर खालच्या जाळीपर्यंत आलं असेल तर ते आधी काढा. वरची पट्टी अशा कापडात जिरून जाते.

वडगाव-शहापूरकडच्या ज्या घरांत भिंतीपलीकडे माग चालतो, तिथे आवाज वाढवून काही होत नाही. मागाचा खडखडाट सगळ्याच पट्ट्यांत पसरलेला असतो. तिथे ऐकणाऱ्याला टीव्हीजवळ आणणं हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि खोलीतली घुमघुम तेवढीच राहते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पत्र्याखाली बसून टीव्ही पाहणाऱ्यांनाही हेच सांगेन.

खरखर आणि थरथर

बोलणं कळतं पण मध्येच फर्र-फर्र होतं, तर दोष वेगळा. मोबाइलवर सूर निर्माण करणारं एखादं अ‍ॅप घ्या, टीव्हीला जोडा आणि ८० पासून १००० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवा. ज्या आकड्यावर थरथर येते तिथे थांबा आणि मागच्या झाकणावर, कडांवर, स्टँडवर बोट दाबत जा. थरथर थांबली की जागा सापडली. सैल स्क्रू, झाकणाला टेकलेली पॉवरची वायर, पॅनेलच्या मागची सुटलेली पट्टी, एवढीच कारणं बहुधा निघतात. वायरखाली फोमचा तुकडा चिकटवला की झालं.

सगळ्याच सुरांवर कोरडी खरखर येत असेल तर कोन हलवणारी आतली तारेची कॉइल घासते आहे. पावसाळ्यात कागदी कोन ओल धरतो आणि वाकडा होतो, तेव्हा असं होतं. उद्यमबागच्या फाउंड्रींच्या जवळपास राहणाऱ्यांनी आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी: लोखंडाची बारीक भुकटी. स्पीकरच्या चुंबकातली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते आणि चुंबक ही भुकटी धरून ठेवतो. ती धड बाहेर काढता येत नाही, तो स्पीकर बदलावाच लागतो. नवा लावताना जाळीच्या आत पातळ कापड लावा. ओठाला लावून फुंकर मारली की वारा सहज पलीकडे जातो ते कापड योग्य. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळच्या घरांनाही हाच उपाय लागू आहे.

एका बाजूचा आवाज येतो-जातो, तर आधी कनेक्टर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा बसवा. ओलीने पिना काळ्या पडतात.

झाकण उघडलं तर

प्लग काढा आणि पुरेसा वेळ थांबा. पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठा राहू शकतो. ज्यांना त्या बोर्डाची ओळख नाही त्यांनी त्याला हात लावू नये. टीव्ही गोधडीवर पालथा ठेवा, पडद्यावर कुठेही टोचणारा भार येऊ देऊ नका.

स्पीकरची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहम छापलेला स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीनच्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मग दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर स्पर्श करा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरचा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर कुणीतरी वायर उलट्या जोडल्या आहेत. असा टीव्ही फार फसवा असतो: दोन्ही स्पीकर चांगले, आवाज भरपूर, पण मधोमध असलेलं बोलणं पोकळ, कारण एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढून घेतो. झाकण न उघडताही हे ओळखता येतं. बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. बोलणं उलट भरदार झालं तर वायर उलटी आहे.

इथे एक कळकळीची विनंती. टीव्हीच्या स्पीकरचा मायनस म्हणजे जमीन (ग्राउंड) नव्हे. आजच्या टीव्हीत आवाजाची आयसी (चिप) बहुधा ब्रिज पद्धतीने जोडलेली असते, दोन्ही तारांवर सिग्नल असतो. दोन स्पीकरचे मायनस एकत्र केले, किंवा एक तार चासीला (धातूच्या सांगाड्याला) लावली, किंवा ती सरळ बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या जमिनीला नेली, तर आयसी जाते आणि पुष्कळदा पूर्ण मेन बोर्डाचा खर्च येतो. बाहेर आवाज न्यायचा असेल तर हेडफोनचा किंवा ऑप्टिकल जॅक वापरा. तसंच ८ ओहमच्या जागी ४ ओहम टाकू नका, आयसी तापून बंद पडते. उलट केलंत तर नुकसान होत नाही, आवाज मात्र कमी मिळतो.

आणि डबा पाहा. बहुतेक चांगल्या टीव्हीत स्पीकर काळ्या प्लास्टिकच्या बंद डब्यात असतो. डब्याला चीर गेली असेल, किंवा आधीच्या दुरुस्तीत डबा फेकून नुसता उघडा स्पीकर चिकटवला असेल, तर दोष तिथेच सापडला. कोन पुढे जाताना समोर दाब वाढतो, त्याच क्षणी मागे कमी होतो. मध्ये भिंत नसेल तर खालच्या सुरांत दोन्ही एकमेकांना मिटवून टाकतात. बाजारातला "जास्त वॅटचा" उघडा स्पीकर लावून आवाज पातळ का झाला, याचं उत्तर एवढंच आहे.

हवा का लागते

आता मुळाशी येऊ. स्पीकरला आवाज काढायला हवा हलवावी लागते, आणि सूर जितका खाली तितकी जास्त. एकाच मोठेपणासाठी सूर निम्म्यावर आणला की कोनाला चौपट हलावं लागतं. आकडे घालून बघा. ५ सेंमीच्या स्पीकरचा प्रत्यक्ष हलणारा भाग साधारण ४ सेंमी व्यासाचा, क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंमी. तो एका बाजूला २ मिमी जाऊ शकतो असं धरलं तर अडीच घन सेंमी हवा हलते. भिंतीला लागून ठेवलेला असा एक स्पीकर एक मीटरवर २०० हर्ट्झला जास्तीत जास्त ८८ डेसिबल देईल, १०० ला ७६ आणि ५० ला अवघे ६४. यात वॅट कुठेच आलं नाही. १० चे २० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, तेही कोनाला हलायला जागा असेल तर. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. खोक्यावर छापलेल्या वॅटकडे म्हणून मी फारसं पाहत नाही.

दुसरी अडचण मागच्या हवेची. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर हात जितका आत जातो तितका विरोध वाढतो. छोट्या डब्यातली हवा कोनाला असाच विरोध करते आणि स्पीकरचा मूळ अनुनाद, म्हणजे तो ज्या सुरावर सर्वांत सहज हलतो तो सूर, वर सरकतो. हिशेब सरळ आहे: स्पीकरचा मोकळा अनुनाद १५० हर्ट्झ आणि त्याच्या कोनाइतकाच लवचिकपणा असलेली हवा अर्धा लिटर असेल, तर १०० घन सेंमीच्या डब्यात तो ३६७ हर्ट्झवर जातो, अर्ध्या लिटरमध्ये २१२ वर आणि एक लिटरमध्ये १८४ वर. ३६७ च्या खाली आवाज झपाट्याने गळतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १५० च्या आसपास असतो. म्हणूनच वृत्तनिवेदक पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

मात्र यात आपल्या बाजूची एक गोष्ट आहे. मेंदू गहाळ झालेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. २००, ३०० आणि ४०० हर्ट्झ एकत्र ऐकू आले की १०० असल्यासारखं वाटतं. जुना टेलिफोन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ नेत असे, तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा. तेव्हा टीव्हीच्या आतल्या स्पीकरने ५० हर्ट्झचा हट्ट धरायची गरज नाही. १८० पासून १०००० पर्यंत प्रामाणिक वाजला तरी बोलणं उत्तम कळतं. चांगल्या रचनेचा माझा निकष हाच आहे.

दिशा आणि फट

कडा बारीक झाल्या आणि स्पीकर समोरून खाली गेले. खालच्या सुरांना त्याने फरक पडत नाही: १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब, ती कोपऱ्यातून वळून येते. ५००० हर्ट्झची लहर मात्र ७ सेंमीपेक्षा छोटी. ४ सेंमीच्या कोनातून साधारण २७०० हर्ट्झनंतर आवाज झोताप्रमाणे सरळ जाऊ लागतो, आणि तोंड जमिनीकडे असेल तर स, श, च जमिनीला ऐकू येतात. टेबलावरून आदळून आलेला आवाज सरळ आलेल्यात मिसळतो तेव्हा आणखी खड्डे पडतात. दोन वाटांत १७ सेंमीचा फरक असेल तर १००० हर्ट्झला ते एकमेकांना मिटवतात.

आणखी एक बारकावा फार कमी लोक पाहतात. स्पीकरच्या समोर जी अरुंद फट असते तीही वाजते. आवाजाच्या वाटेने २ सेंमी लांबीची फट साधारण ४२०० हर्ट्झला स्वतःचा शिट्टीसारखा उठाव देते आणि त्यानंतरचे सूर गिळते. 'स' टोचतो आणि बाकीचं बोलणं दबलेलं, अशी तक्रार ऐकली की मी आधी फट बघतो. फट जितकी आखूड आणि रुंद तितकी बरी, आणि कोन व फट यांच्यामधली पोकळी फोमच्या कडीने शक्य तितकी कमी करायची.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. २०१३ मध्ये सोनीने एक्स९००ए या मालिकेत पडद्याच्या दोन्ही बाजूंना समोर तोंड असलेले रुंद स्पीकर दिले. टीव्ही रुंद झाला, पण आवाज समोरून आला. २०१७ मध्ये दोन टोकाची उत्तरं निघाली. सोनीच्या ए१ मध्ये ओएलईडी पडद्याच्या मागे हलवणारी यंत्रं लावून पडद्यालाच स्पीकर केलं, आणि खालच्या सुरांसाठी मागच्या आधाराच्या पायात वेगळा स्पीकर ठेवला. एलजीच्या डब्ल्यू७ चं पॅनेल ६५ इंचांत अवघ्या २.५७ मिमी जाडीचं होतं, त्याचा आवाज मात्र वेगळ्या पट्टीतून यायचा. म्हणजे एकाने बेस पायात नेला आणि दुसऱ्याने सगळाच आवाज बाहेर काढला. हवेची जागा दोघांनाही लागलीच. साध्या एलसीडीला पडदा हलवण्याची युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे पडद्यामागे प्रकाश पसरवणाऱ्या शीटचे थर आणि पोकळी असते, मागून दिलेलं कंपन समोरच्या काचेपर्यंत नीट पोचत नाही.

स्वतः डबा करायचा तर

४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंमी रुंद असतो. त्याच्या खालच्या कडेला, पडद्याच्या पातळीत समोर तोंड करून दोन डबे बसवायचे, मध्ये रिमोटच्या सेन्सरसाठी मोकळी जागा. प्रत्येक डबा आतून ३६ सेंमी लांब, ७ सेंमी उंच, ४ सेंमी खोल, म्हणजे एक लिटर. ९ मिमी प्लाय वापरली तर टीव्हीखाली जेमतेम ९ सेंमीची पट्टी दिसते आणि खोली ६ सेंमीच्या आत राहते, भिंतीच्या ब्रॅकेटवर सहज मावते. स्पीकर ५ सेंमीचा, फुल रेंज (सगळे सूर एकटाच वाजवणारा), निओडिमियम चुंबकाचा घ्यावा. फेराइटचा चुंबक जाड असतो, तो मागच्या भिंतीला जवळजवळ टेकतो. ओहम जुन्या स्पीकरवर छापले असतील तेच.

स्पीकर डब्याच्या लांबीच्या मध्यावर बसवा. ३६ सेंमी लांब पोकळीत पहिली उभी लहर (दोन टोकांमध्ये अडकून घुमणारी) साधारण ४७० हर्ट्झला तयार होते आणि मध्यावर तिचा दाब शून्य असतो, त्यामुळे स्पीकर तिला चेतवत नाही. त्याच्या दुपटीला येणारी दुसरी लहर उशीत भरतात त्या रेक्रॉनने आवरते. तो सैलसर भरा, ठासू नका. स्पीकरच्या दोन्ही बाजूंना पुढची आणि मागची फळी जोडणारा एकेक छोटा ठोकळा द्या, रुंद फळी वाजायची थांबते. सगळे सांधे फेविकॉलने, वर आतून सिलिकॉन. वायर बाहेर येते ते भोक विसरू नका, बहुतेक डबे तिथेच गळतात. पूर्ण झाल्यावर कोन बोटांच्या टोकांनी हलकेच, सगळीकडून सारखा दाबून सोडा. तो सावकाश परतला तर डबा घट्ट आहे, झटक्यात उसळला तर कुठेतरी फट राहिली.

डबे टीव्हीच्या झाकणाला स्क्रूने लावू नयेत. मागे ब्रॅकेटची चार भोकं असतात, त्यांतूनच अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या खाली उतरवा आणि डबा व पट्टी यांच्यामध्ये रबराचे वायसर घाला, म्हणजे कंपन पॅनेलला जात नाही. स्क्रू मुळापेक्षा लांब घेतला तर तो आत पॅनेलला टोचू शकतो, म्हणून पट्टीच्या जाडीइतकाच वाढीव घ्या. प्रत्येक बाजूला दोन स्वतंत्र तारा न्या, प्लस-मायनस खूण करून. जुने स्पीकर काढून ठेवा. ते नव्यांना समांतर जोडू नका, ओहम निम्मे होतात.

नंतर सेटिंग पुन्हा बदलावं लागेल. ३००० चा पट्टा आधी वर नेला असेल तर तो शून्यावर आणा, कारण आता ती पट्टी सरळ कानात येते. १०० चा मात्र खालीच ठेवा. मग शब्दांची फाइल लावा.

नवा घ्यायचा असेल तर

दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा आणि हीच फाइल तिथे लावायला सांगा. डेमोचं गाणं ऐकून निर्णय घेऊ नका, त्यात बोलणं नसतंच. टीव्ही वाकून खालून आणि मागून बघा: जाळी कुठे आहे, तिचं तोंड कुठे आहे. दोन टीव्हींच्या चित्रात फार फरक नसेल तर जाडसर पाठीचा घ्या, त्या जाडीत डबा असतो. घरी जागा शोकेसच्या खणातच ठरलेली असेल तर मागे तोंड असलेला टीव्ही टाळा.

साउंडबार घेणार असाल तर टीव्हीवर 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट आहे का ते पाहा, वायर त्याच पोर्टला जोडा आणि टीव्हीच्या मेनूत स्वतःचे स्पीकर बंद करा. दोन्ही एकदम चालू राहिले तर बोलणं दुहेरी ऐकू येतं. बार खणाच्या आत ढकलू नका, पुढच्या कडेला ठेवा. आवाज ओठांच्या आधी येत असेल तर मेनूतला 'ऑडिओ डिले' शून्यापासून थोडाथोडा वाढवत न्या, तोही गाण्यावर नाही, बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.